बिननावाचा दांडा

त्या आश्रमात अकरा घड्याळं होती, पण न्हाणीघरात धरायला साधा एक दांडा नव्हता. पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं.

नाशिकला गंगापूर रस्त्याची वस्ती संपली की तेव्हा नुसत्या पेरूच्या बागा लागत, आणि त्या ओलांडल्या की म्हाताऱ्या माणसांसाठी काढलेला तो आश्रम. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की कुणाचा तरी नातू भांडायला येतो. साल मात्र पक्कं आठवतं, चौऱ्याहत्तर. त्या वर्षी सिमेंट परमिटवर मिळत होतं, आणि या गोष्टीत सिमेंटाला फार मोठं काम आहे.

सुलाबाई तिथे देखरेखीला होत्या. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चालण्यात अशी घाई की व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की खाटांवरची माणसं उगाचच पांघरुणं नीट करत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. यजमान तरुणपणीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर दोन महिने त्यांनी घरात बसून डबे घासले, आणि डबे संपले म्हणून इथे आल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मोजदाद केली. माणसं चौतीस, न्हाणीघरं दोन, घड्याळं अकरा. अकराही जेवणघराच्या एकाच भिंतीवर, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. त्यामुळे दुपारी सव्वाअकरापासून साडेबारापर्यंत कुणी ना कुणी ताट घेऊन बसलेलं असेच आणि “आमच्या घड्याळात बारा वाजले” म्हणून भांडत असे.

आता एवढी घड्याळं कशी, तर नाशिक हे गावच तसं. सबंध देशातून माणसं आपल्या मेलेल्या माणसांचं करायला रामकुंडावर येतात. विधी आटोपले, मन हलकं झालं, की वाटतं आपल्या माणसाच्या नावानं कुठे काही द्यावं. मग टांगेवाला त्यांना आश्रमात आणतो. आणि देणाऱ्याला अशी वस्तू हवी असते जिच्यावर नाव घालता येईल, आणि जी चारचौघांच्या डोळ्यांसमोर राहील. घड्याळासारखं सोयीचं दुसरं काही नाही. दिवसातून दहा वेळा माणूस वर बघतो, आणि वेळ कळो न कळो, ‘कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’ एवढं वाचतोच.

घड्याळांखालोखाल पंखे. बायकांच्या खोलीतल्या पंख्याच्या एका पात्यावर ‘कै. रखमाबाई’, दुसऱ्यावर ‘यांच्या’, तिसऱ्यावर ‘स्मरणार्थ’ असं लाल रंगात लिहिलं होतं. पंखा जोरात फिरला की रखमाबाईंचं नुसतं लाल कडं व्हायचं. हे त्यांच्या मुलाच्या लक्षात आल्यावर त्यानं चिटणीसांना भेटून पंखा कायम एक नंबरवर ठेवायचं कबूल करून घेतलं होतं. एक नंबरवर वारा येत नसे, पण मान जरा फिरवत ठेवली तर वाचता येई. वैशाख महिन्यात चौदा बायका घामानं निथळत पडल्या आहेत आणि वर रखमाबाई सावकाश फिरताहेत, हे बघून सुलाबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागे.

तर त्या वर्षी श्रावण संपता संपता गोजराबाई न्हाणीघरात पडल्या.

गोजराबाई सिन्नरकडच्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण ते त्या स्वतः ‘सत्तराच्या पल्याड कुठंतरी’ असं सांगत. हाडं चिमणीची आणि जीभ कात्रीची. न्हाणीघराला शहाबादी फरशी होती, वर वीस वर्षांचा साबण मुरलेला. नळापासून दारापर्यंत चार पावलं, आणि त्या चार पावलांत हाताला धरायला भिंतीशिवाय काही नाही. भिंतही ओलीच.

सुलाबाई धावत गेल्या. हाड मोडलं नव्हतं. एक कोपर सोलपटलं होतं.

“कशा पडलात हो गोजराबाई?”

“म्या पडले नाय बाय. फरशीनं पाडलं मला.”

कोपर आठ दिवसांत बरं झालं, पण मनातली भीती काही जाईना. न्हाणीघराच्या दाराशी गेल्या की गोजराबाईंचे पाय लटपटत. सुलाबाई रोज हात धरून आत नेत आणि हात धरून बाहेर आणत. हे चिटणीसांनी पाहिलं.

चिटणीस म्हणजे खंडेराव. जमिनीच्या मोजणीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. धोतर, काळी टोपी, आणि खिशाला तीन पेनं, तीन शायांची. माणूस वाईट नव्हता. पण कागदावर नसलेली गोष्ट त्यांना दिसतच नसे.

“सुलाबाई,” ते म्हणाले, “नियम चौदा आपल्याला ठाऊक असेल.”

नियम चौदा असा होता, की ज्यास स्वतःचे स्नान स्वतः करता येत नाही, त्यास नातेवाइकांनी घेऊन जावे.

“अहो, त्या करतात की स्नान. मी नुसता हात देते.”

“हात दिला म्हणजे स्वतः केलं नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी आपल्या व्यवस्थापक मंडळाची पाहणी आहे. त्या दिवशी एकट्यानं करून दाखवलं तर ठीक. नाहीतर सिन्नरला पुतण्याला पत्र टाकावं लागेल. माझा नाइलाज आहे.”

सिन्नरचा पुतण्या, वाळू, विड्यांच्या कारखान्यात होता. तोही वाईट नव्हता, पण एका खोलीत सात माणसं होती आणि न्हाणी अंगणापलीकडे, चार पायऱ्या उतरून. गोजराबाईंनी त्या संध्याकाळी सुलाबाईंचा हात धरून एवढंच म्हटलं, “बाय, त्या पायऱ्यांवर म्या एकदाच पडंन. दुसऱ्यांदा पडाया उरणार नाय.”

त्या हसत म्हणाल्या. सुलाबाई मात्र रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. आश्रमात म्हाताऱ्या माणसांची कमी नाही, आणि सल्ल्यांचीही नाही. पुरुषांच्या खोलीत एक तालमीचे वस्ताद होते. ते म्हणाले, बाईंनी रोज पंचवीस बैठका काढाव्या. एका काकूंनी आंघोळच कशाला हवी असा मूळ प्रश्न काढला. कुणी म्हणालं, फरशीवर गोणपाट टाका. टाकलं. गोणपाट भिजून असं गुळगुळीत झालं की झाडलोट करणाऱ्या चतुराबाई त्यावरून बादलीसकट थेट व्हरांड्यात आल्या.

मग वस्तादांनीच सुचवलं, खिडकीच्या गजापासून नळापर्यंत दोर बांधा. हे सुलाबाईंना पटलं. त्यांनी स्वतः दोर आणून दवाखान्यातली पक्की गाठ मारली. गाठ शेवटपर्यंत सुटली नाही. चतुराबाईंनी ताकद बघायला दोराला एक हिसडा दिला, आणि नळच भिंतीतून बाहेर आला. तासभर कारंजं उडालं. पाणी बंद करायची चावी कुठे आहे ते नकाशात होतं, आणि नकाशा खंडेरावांच्या कपाटात, आणि खंडेराव सातपूरला साखरपुड्याला.

संध्याकाळी सुलाबाईंच्या टेबलावर लखोटा. ‘नळ क्रमांक तीन उखडल्याबाबत चोवीस तासांत लेखी खुलासा करावा.’

एकतीस वर्षं! पटकीच्या साथीत चार चार रात्री उभ्यानं काढल्या, पण कुणी कधी खुलासा मागितला नव्हता. आणि आता एका नळापायी! त्यांनी खुलासा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. शेवटी दिला तो असा: ‘नळ आधीच सैल होता. बाकी सर्व बाबतींत गाठ उत्तम होती.’

याच सुमारास मुंबईच्या कुठल्याशा मंडळाकडून आश्रमाला एक पुस्तिका आली. ‘सेवासंस्थांसाठी सुधारणा कार्यक्रम.’ आत तीन पायऱ्या दिल्या होत्या. आधी अडचण शोधा, मग तिचं मोजमाप ठेवा, मग साधनं जमवा. खंडेरावांनी ती वाचून कपाटात ठेवली. सुलाबाईंनी ती कपाटातून काढून वाचली, आणि त्यांना कुणीतरी आपलंच माणूस भेटल्यासारखं झालं. कारण मोजमाप त्यांनी ठेवलंच होतं. सवयच ती. शंभरपानी वहीत कोण कधी कुठे घसरलं ते लिहिलेलं होतं. तीन महिन्यांत नऊ वेळा, त्यांपैकी सात वेळा नळ ते दार, त्याच चार पावलांत.

वही घेऊन त्या खंडेरावांकडे गेल्या. खंडेरावांनी ती विंचू धरावा तशी दोन बोटांनी उचलली.

“हे काय केलंत आपण?”

“मोजमाप. तुमच्याच पुस्तिकेत आहे.”

“आश्रमाच्या दप्तरी अपघात शून्य आहेत. वीस वर्षं शून्य आहेत.”

“पण माणसं पडताहेत ना हो!”

“पडत असतील. नोंद होत नाही तोवर ते त्यांचं खाजगी आहे.”

सुलाबाई टेबलावरचा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्याल्या. मग त्यांनी शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं, “मला पाच फुटी दांडा हवाय. भिंतीत बसवायला. मी माझ्या पैशानं आणते.”

“आणता येईल. बसवता येणार नाही.” खंडेरावांनी ठरावांचं बाड उघडलं. ठराव असा, की कुणा कैलासवासी व्यक्तीचे नाव असल्याशिवाय कोणतीही वस्तू संस्थेत बसवू नये. पूर्वी एकदा बिननावाची एक परात स्वैपाकघरातून नाहीशी झाली होती, आणि ती कुणाची हेच ठरेना म्हणून ती चोरीला गेली असंही म्हणता येईना. तेव्हापासून हा ठराव.

“म्हणजे दांड्याला आधी मेलेलं माणूस हवं?”

“देणगीदार शोधा,” खंडेराव म्हणाले. “पितृपक्ष तोंडावर आहे. हंगाम आहे.”

सुलाबाई निघाल्या. पहिल्यांदा गेल्या त्या रविवार पेठेतले धान्याचे व्यापारी जयरामशेठ यांच्याकडे. आई नुकतीच वारलेली, मन भरून आलेलं. सुलाबाईंनी गोजराबाईंची सगळी हकिकत सांगितली. शेठजींचे डोळे पाणावले.

“देतो सिस्टर. दांडाच देतो. आईच्या नावानं. कुठे लावणार म्हणालात?”

“न्हाणीघरात.”

शेठजींचे डोळे हळूहळू कोरडे झाले. “न्हाणीघरात? आमच्या आईचं नाव?”

“तिथेच गरज आहे ना.”

“सिस्टर, आई आमची सोवळ्यातली. आयुष्यात परक्या माणसापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. आणि तिच्या नावासमोर रोज माणसं... म्हणजे अंगावर काही नसताना... बायकाच असतील, कबूल आहे, पण आईला काय वाटेल?”

एकतीस वर्षांत सुलाबाईंनी माणसं बिनकपड्यांची इतकी पाहिली होती की त्यात मृतांना लाज वाटेल हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या चहा पिऊन परत आल्या. चार दिवसांनी शेठजींचा गडी टांग्यातून वस्तू घेऊन आला. कागद सोडला तर आत घड्याळ. बारावं.

पंधरा दिवसांत त्या सतरा घरं हिंडल्या. मखमलाबादचे फुलांचे मळेवाले म्हणाले, दांडा नको, फोटोंना रोज झेंडूचे हार देतो. एका वकिलांनी विचारलं, नाव न्हाणीच्या दाराबाहेर घातलं तर चालेल का, आणि मग आपणच म्हणाले, नको, लोकांना वाटेल न्हाणीघरच वडिलांच्या नावाचं आहे. सगळ्यांचे डोळे भरून येत आणि सगळ्यांचे ‘न्हाणीघर’ या शब्दाशी कोरडे होत. आपण भिक्षेकरी झालो आणि तेही घाणेरडी वस्तू मागणारे, असं सुलाबाईंना वाटायला लागलं. एकदा तर भर चौकात, अशोकस्तंभापाशी, त्या स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या, “मेलेल्यांना पडायची भीती नाही म्हणून घड्याळं बघत बसायची सोय! आणि जित्यांनी?” पानवाल्यानं घाबरून त्यांना विचारलं, “काही हवंय का बाई?” त्या म्हणाल्या, “दांडा.”

आणि मग देवळा गावचे तीन भाऊ आले. कांद्याचे व्यापारी. थोरले भिकनशेठ. वडील धोंडीरामबाबा यांचं वर्षश्राद्ध करून थेट आश्रमात. सुलाबाईंनी न रडता, न रडवता सरळ मागितलं. भिकनशेठनी मांडीवर थाप मारली.

“दिला! पितळी देतो. तांबट आळीतून घडवून, वरून निकेलचा मुलामा. लखलखला पाहिजे!”

सुलाबाईंना आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण भिकनशेठचं संपलं नव्हतं.

“फक्त न्हाणीत नाय लावायचा. बाबांचा फोटो देतो, तो जेवणघरात, आन् फोटोखाली दांडा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसला पाहिजे.”

“अहो पण तिथे त्याचा उपयोग काय?”

“शोभा!” भिकनशेठ म्हणाले.

खंडेरावांना आनंद झाला. त्यांनी त्याच दिवशी मुंबईच्या मंडळाला कळवलं की सुधारणा कार्यक्रमाखाली साधन क्रमांक एक, धरावयाचा दांडा, संस्थेस प्राप्त झाला. कुठे बसवणार हा रकाना छापील पत्रकात नव्हताच.

गोजराबाईंना हे कळलं तेव्हा त्या खाटेवर मेथी निवडत होत्या. “मंग काय करू म्हन्ते बाय? आंगूळ जेवनघरातच करू का, बाबाच्या फोटूसमूर?”

उद्घाटन दसऱ्याला. मुहूर्त सकाळी दहाचा, आणि गवंडी नऊ वाजता आला. जेवणघराची भिंत जुनी, मातीची, वरून चुन्याचा गिलावा. त्यात बारा घड्याळांचे बारा खिळे आधीच ठोकलेले. सुलाबाई म्हणाल्या, ही भिंत भार घेणार नाही, चांगली खोल पकड घ्या, सिमेंट भरा. गवंडी म्हणाला, सिमेंट कुठाय? सिमेंटाला परमिट लागतं. त्यानं लाकडाच्या चार खुंट्या ठोकल्या, त्यांत स्क्रू पिळले, वर चुना फासला, आणि दक्षिणा घेऊन सीमोल्लंघनाला गेला.

दांडा खरंच लखलखत होता. मधोमध झेंडूचा हार, वर धोंडीरामबाबांचा फोटो, त्याखाली पितळी पाटी. उद्घाटनाला शहरातले एक मोठे साहेब आले होते. सर्व अर्थांनी मोठे. फीत कापली, टाळ्या झाल्या, खंडेरावांनी अहवाल वाचला, त्यात ‘वृद्धांच्या सुरक्षिततेचा विचार’ हे शब्द तीनदा आले. चौतीस माणसं बाहेर उन्हात ताटकळली होती आणि बायकांच्या खोलीतून काढून जेवणघरात टांगलेल्या रखमाबाई आज खास पाहुण्यांसाठी दोन नंबरवर फिरत होत्या.

तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, “साहेब, जरा दांडा धरून उभे राहा ना. म्हणजे उपयोग कळेल.”

साहेबांनी दांडा धरला. फोटोवाला म्हणाला, अजून जरा रेलून. साहेब रेलले.

चार खुंट्या एकदम निघाल्या. दांडा साहेबांच्या हातात, साहेब जमिनीवर, आणि त्यांच्या मागोमाग परातीएवढा भिंतीचा ढलपा. ढलप्याबरोबर खिळे सैल झाले आणि घड्याळं एकामागून एक उतरायला लागली, जयरामशेठच्या आईपासून सुरुवात. धोंडीरामबाबांचा फोटो शेवटी, सावकाश, विचार करून आला. धुरळा खाली बसला तेव्हा भिंतीवर एकच घड्याळ उरलं होतं, बाकीची खाली फुटून बंद पडली होती.

साहेबांना चतुराबाईंनी आणि वस्तादांनी बगलेत हात घालून उठवलं. ते भांबावलेले. इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, “किती वाजले?”

आश्रमाच्या इतिहासात त्या प्रश्नाला पहिल्यांदाच एक उत्तर मिळालं. त्या दिवसापासून जेवणाची वेळ एकच झाली. सुधारणा म्हणायची तर ही झाली.

संध्याकाळी टेबलावर दुसरा लखोटा. ‘दांडा उखडल्याबाबत खुलासा करावा.’ या वेळी सुलाबाईंनी कागद फाडला नाही. एका दमात लिहिलं: ‘दांडा मी लावला नाही. मला जिथे लावायचा होता तिथे तो लागला नाही. जिथे लागला तिथे त्याला धरून उभं राहायची गरज फक्त साहेबांना पडली, आणि तीही दांडा असल्यामुळेच.’

देवळ्याचे भाऊ भयंकर दुखावले. वडिलांचं नाव दसऱ्याच्या दिवशी जमिनीवर आलं. भिकनशेठनी पाटी उपसून घेतली, फोटो काखेत मारला.

“हा दांडा आता बाबांच्या नावाचा नाय. आमाला नको. टाका कुठं टाकायचा तर. त्याच्याबदली...” त्यांनी रिकाम्या भिंतीकडे बघितलं. “घड्याळ देतो.”

सुलाबाईंनी दोन्ही हात जोडले.

पण त्या रात्री त्यांच्या लक्षात आलं की दांडा आश्रमात आहे, आणि तो कुणाचाच नाही.

आता सिमेंट. साहेब पडले ती भिंत दुरुस्त करायला सरकारनं तीन दिवसांत दोन गोण्या मंजूर केल्या. गोजराबाई पडल्या तेव्हा चिमूटभर मिळालं नसतं, हे सुलाबाईंनी मनात लिहून ठेवलं. चतुराबाईंचे यजमान गवंडीकाम करत. जेवणघराची भिंत उभी राहिली आणि घमेलंभर सिमेंट उरलं. उरलेलं सिमेंट खंडेरावांच्या कुठल्याच नोंदीत बसत नव्हतं, म्हणून ते त्यांना दिसलं नाही. रविवारच्या पाहणीला पाच दिवस असताना, खंडेराव जेवायला घरी गेले होते तेव्हा, न्हाणीघरात विटा फोडून दांडा वीतभर खोल बसला. चार दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही म्हणून सुलाबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. शनिवारी त्यांनी स्वतः सगळं वजन टाकून बघितलं. मग चतुराबाई लोंबकळल्या. मग वस्तादांना बोलावलं. दांडा हलला नाही.

रविवारी मंडळाचे पाच जण व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसले. गोजराबाई तांब्या, पंचा आणि धुतलेलं लुगडं घेऊन आल्या. दाराशी थांबल्या. सुलाबाईंचा हात सवयीनं पुढे झाला, आणि खंडेराव खाकरले. सुलाबाईंनी हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

“जा गोजराबाई. डाव्या हाताला आहे.”

कडी लागली. पाण्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. पाच जण एकमेकांकडे बघायला लागले. सुलाबाईंना पटकीच्या साथीतसुद्धा घड्याळाची एवढी भीती वाटली नव्हती. मग आतून बारीक आवाजात जात्यावरची ओवी ऐकू आली, आणि त्यांनी धरून ठेवलेला हात सोडला.

गोजराबाई बाहेर आल्या. ओले केस, स्वच्छ लुगडं, तोंडावर माज.

“झाली आंगूळ. आता तुमच्यातल्या कुनाची बाकी हाय?”

मंडळी हसली. खंडेराव हसले नाहीत. ते पाहणी करायला आत गेले. आतून एकदम सर्रकन आवाज आला, पाठोपाठ “अगं आई!”. सुलाबाईंनी डोकावून बघितलं. खंडेराव दोन्ही हातांनी दांड्याला मिठी मारून उभे होते. टोपी बादलीत तरंगत होती.

“नोंद करायची का?” सुलाबाईंनी विचारलं.

खंडेराव बाहेर आले. टोपी पिळली. “गोजराबाई नियमात बसतात,” ते म्हणाले. मग जरा घुटमळले. “पण दांडा बसत नाही. नाव नाही त्यावर. आज नाव पडलं नाही तर ठरावाप्रमाणे काढावा लागेल. मी काढावा असं म्हणत नाही,” त्यांनी स्वतःचा गुडघा चोळला, “ठराव म्हणतो.”

सुलाबाईंना हे येणार ठाऊक होतं. भांडी बाजारातून नावं घालणाऱ्या गोटीरामला त्यांनी सकाळीच बोलावून ठेवलं होतं. पेल्यावाट्यांवर टिकटिक करून नावं कोरणारा तो. तो आता आत जाऊन उकिडवा बसला आणि दांड्याशी हत्यार टेकवून वाट बघायला लागला.

“कुणाचं घालू?”

“माझं.”

खंडेराव पुढे सरकले. “असं कसं? ठरावात ‘कैलासवासी’ आहे. आपण तर...” त्यांनी सुलाबाईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, कुठे काही सोय होते का म्हणून.

“मी आहे. माहीत आहे मला.” सुलाबाई गोटीरामला म्हणाल्या, “नाव घाल. आणि नावाच्या आधी दोन बोटं जागा सोड. खंडेराव, ठराव पुरा होईल. थोडा वेळ लागेल, तेवढा थांबा.”

“घाई नको करू गं बाय,” गोजराबाई केस पुसत म्हणाल्या.

दांडा राहिला. गोजराबाई त्याला धरून अजून सहा वर्षं न्हायल्या, आणि शेवटी आपल्या खाटेवरच वारल्या.

सुलाबाई सत्याऐंशी साली गेल्या. तेराव्यानंतर खंडेराव, स्वतः पंच्याऐंशीचे, आता त्याच आश्रमात राहायला आलेले, काठी टेकत गोटीरामला घेऊन न्हाणीघरात गेले. सोडलेल्या जागेत ‘कै.’ घालायचं होतं. गोटीरामनं चष्मा लावला, दांड्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. तेरा वर्षांच्या ओल्या हातांनी निकेल उडून पितळ उघडं पडलं होतं, आणि नाव पार झिजून गेलं होतं.

“कुणाच्या आधी घालू?” गोटीरामनं विचारलं.

खंडेरावांनी काठी भिंतीला टेकवली आणि दांडा धरला. मग म्हणाले, “राहू दे.” आणि बिननावाच्या वस्तूची नोंद त्यांनी कुठेही केली नाही.